म्हाडाचं घर ‘फुकट’ नसतं आणि वायाही जात नाही

म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, घरांची सोडत जाहीर झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘आपल्या करातून फुकट घरं वाटतात. लोक ती भाड्याने देतात आणि स्वतः चाळीतच राहतात. त्यापेक्षा बिल्डरांना मोकळं सोडा, भाव आपोआप उतरतील.’

‘फुकट’ हा शब्दच खोटा आहे. सोडतीत लागतो तो घर विकत घेण्याचा हक्क. आधी अनामत भरायची, मग कागदपत्रं, मग बँकेचं कर्ज आणि वर्षानुवर्षं हप्ते. किंमत बाजारभावापेक्षा कमी असते, इतकंच.

‘भाड्याने देतात, म्हणजे वाया गेलं.’ हे पटकन पटतं, पण तपासलं तर टिकत नाही. सोडतीत अर्जदार एकसारखेच असतात, फरक फक्त नशिबाचा. म्हणून घर लागलेल्यांची आणि न लागलेल्यांची तुलना केली की घराचा परिणाम स्वच्छ दिसतो. तनू कुमार या संशोधिकेने मुंबईतल्या २०१२ आणि २०१४ च्या सोडतींतल्या आठशेहून अधिक कुटुंबांची अशी पाहणी केली. घर लागलेल्या कुटुंबांचं उत्पन्न वाढलेलं होतं, शिक्षण आणि रोजगारातही ती पुढे होती. वस्तीच्या प्रश्नांवर बोलण्यातही त्यांचा सहभाग जास्त होता. यात स्वतः राहायला गेलेले होते, तसे घर भाड्याने दिलेलेही होते. त्या भाड्यातून पोरांची फी भरली जात असेल, तर घर वाया कसं गेलं?

टीकेत तथ्य आहे ते जागेबद्दल. अहमदाबादमध्ये १९८७ साली विडी कामगार महिलांसाठी सोडत निघाली. घरं शहराच्या मध्यापासून १२ किलोमीटरवर होती. चौदा वर्षांनी अभ्यासकांनी पाहिलं तर ३४ टक्के विजेत्या तिथे कधी राहायलाच गेल्या नव्हत्या, ३२ टक्के जाऊन परतल्या होत्या. घर न लागलेल्यांच्या तुलनेत विजेत्यांचं उत्पन्नही वाढलं नव्हतं. अडीनडीला धावून येणारे नातलग-शेजारी दूर राहिले होते. आपल्याकडे मुंबईबाहेरची विरार-बोळींजची म्हाडाची घरं वर्षानुवर्षं पडून राहिली, त्याला पाण्याची टंचाई आणि अंतर कारण होतं. अशा ठिकाणी राहायला न जाणाऱ्याला दोष देऊ नये.

राहिला बिल्डरांना मोकळं सोडण्याचा मुद्दा. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती. २०१२ मध्ये केंद्राच्या तांत्रिक गटाने देशाच्या शहरांत १.८८ कोटी घरांची टंचाई सांगितली. त्यातली ९५ टक्क्यांहून अधिक अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांची होती. घरं बांधली जातात, पण ज्यांना हवीत त्यांच्या ऐपतीची नाहीत.

प्रत्येक सोडतीच्या अर्जदारांची यादी म्हाडाकडेच असते. घर लागलेल्या आणि न लागलेल्या, दोन्ही कुटुंबांकडे दर पाच वर्षांनी माणूस पाठवावा, हप्ता कसा भरता आणि कामाला जायला किती वेळ लागतो हे विचारावं, आणि पुढच्या योजनेची जागा त्या उत्तरांवरून ठरवावी.