पैसा असूनही क्रेडिट कार्ड नाकारले जाते, तेव्हा बँक नेमके काय पाहत असते?

उत्पन्न चांगले, खात्यात शिल्लक पुरेशी, डोक्यावर कसलेही कर्ज नाही, आणि तरीही क्रेडिट कार्डाचा अर्ज नामंजूर झाला की माणसाला आधी राग येतो आणि पाठोपाठ थोडी लाजही वाटते. राग समजण्यासारखा आहे. लाज मात्र अनाठायी आहे. हा माणूस सधन आहे की नाही, याचा निकाल बँकेने दिलेलाच नसतो. या माणसाने उसने घेतलेले पैसे ठरल्या तारखेला परत केल्याचा पुरावा आपल्याला कुठे दिसतो का, एवढेच तिने पाहिलेले असते. असे पाहण्याचा बँकेला पूर्ण अधिकार आहे, असे मी मानतो. परंतु नकार कशावरून दिला, हे अर्जदाराला नेमक्या शब्दांत सांगण्याची जबाबदारी बहुतेक संस्था ज्या सहजतेने टाळतात, ती मला मान्य नाही.

मुळात क्रेडिट कार्ड हे विनातारण कर्ज आहे. घरासाठी कर्ज देताना बँकेकडे घर गहाण असते, दागिन्यांवर कर्ज देताना दागिने असतात. कार्ड देताना तिच्या हाती ग्राहकाच्या शब्दाखेरीज काही नसते. शिवाय हे कर्ज एकदा देऊन हप्त्याहप्त्याने संपणारे नाही. मर्यादा मंजूर झाली की ग्राहक ती कधीही, कितीही वेळा आणि पूर्णपणे वापरू शकतो. अर्जाच्या दिवशी खात्यात असलेली मोठी शिल्लक दुसऱ्या दिवशी काढून घेता येते, आणि दुसऱ्या बँकेतील मुदत ठेवीवर या बँकेला थेट हात घालता येत नाही. त्यामुळे अर्जदाराला जो आपला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो, तोच बँकेच्या दृष्टीने बऱ्यापैकी कमकुवत असतो.

मग भक्कम पुरावा कोणता, तर पतअहवाल, म्हणजे माणसाने घेतलेल्या कर्जांची आणि त्यांच्या परतफेडीची नोंद. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या तो तयार करतात. अशा अहवालावरून माणसाची पत दाखवणारा एक आकडा, म्हणजे गुणांक, काढला जातो. अमेरिकेत सर्वाधिक वापरला जाणारा गुणांक फायको हा आहे. बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने तो सर्वसाधारण वापरासाठी १९८९ मध्ये आणला. फायकोने आपल्या मोजणीची ढोबळ विभागणी जाहीर केलेली आहे: परतफेडीच्या इतिहासाला ३५ टक्के, सध्याच्या देण्यांना ३० टक्के, पतइतिहासाच्या लांबीला १५ टक्के, आणि नव्याने मागितलेल्या व वेगवेगळ्या प्रकारच्या कर्जांना प्रत्येकी १० टक्के. या यादीत पगार कुठेही नाही. सिबिलच्या अहवालातही बचत, गुंतवणूक आणि मुदत ठेवी यांची नोंद नसते. उत्पन्न बँक स्वतंत्रपणे तपासते, ही गोष्ट खरी. पण त्याचा उपयोग मुख्यतः मर्यादा किती द्यायची हे ठरवण्यासाठी आणि पात्रतेची किमान पायरी ओलांडली आहे की नाही हे पाहण्यासाठी होतो.

याचा सर्वांत विचित्र फटका बसतो तो आयुष्यभर कर्जापासून दूर राहिलेल्या माणसाला. त्याने सर्व काही रोखीने घेतले, कोणाचे एक रुपयाचेही देणे ठेवले नाही, आणि त्यामुळेच त्याची फाईल कोरी राहिली. सिबिलच्या पद्धतीत अशा व्यक्तीपुढे ३०० ते ९०० या दरम्यानचा कोणताही आकडा येत नाही. ‘इतिहास नाही’ अशा अर्थाची खूण तेवढी दिसते. कोरी फाईल म्हणजे वाईट फाईल नव्हे, आणि अनेक बँका हे जाणतातही. परंतु अर्ज यंत्राकडून चाळला जात असेल, तर गुण कमी असलेला आणि गुणच नसलेला हे दोन्ही अर्जदार पहिल्याच चाळणीत एकत्र बाहेर फेकले जाऊ शकतात. काटकसरी माणसाला मिळालेले हे बक्षीस मला कायमच उपरोधिक वाटत आले आहे. व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर यावर एक सरळ तोड आहे: त्याच बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर कार्ड घेणे. त्यात बँकेची जोखीम जवळजवळ संपते आणि ग्राहकाचा इतिहास घडू लागतो. मोठी शिल्लक बाळगणाऱ्याला असे कार्ड कमीपणाचे वाटते. माझ्या मते त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा गैरसमज कुटुंबाच्या एकत्रित सुबत्तेविषयी आहे. घर दोघांचे, खाते दोघांचे, अमेरिकेत तर करविवरणही बहुधा एकत्र. मग एकाला भरघोस मर्यादा आणि दुसऱ्याला तुटपुंजी, किंवा थेट नकार, असे का? २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ॲपल कार्डाच्या बाबतीत अमेरिकेत नेमका हाच वाद पेटला. एका सॉफ्टवेअर व्यावसायिकाने आपल्याला पत्नीपेक्षा वीसपट मर्यादा मिळाल्याचे जाहीरपणे लिहिले आणि लिंगभेदाचा आरोप झाला. न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने चौकशी करून मार्च २०२१ मध्ये निष्कर्ष दिला की, बेकायदा भेदभावाचा पुरावा आढळला नाही. पती-पत्नींची मालमत्ता सामायिक असली तरी पतअहवाल सामायिक नसतो, हे त्या चौकशीत पुन्हा स्पष्ट झाले. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर पुरेसे असेल. पण कर्जे वर्षानुवर्षे एकाच्याच नावावर घेण्याचा प्रघात ज्या घरात असतो, तिथे दुसऱ्याची फाईल आपोआप रिकामी राहते, आणि ते दुसरे माणूस बहुधा बाई असते, ही वस्तुस्थिती त्या उत्तराने पुसली जात नाही. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या जोडीदाराला, ज्या घरगुती उत्पन्नाचा वापर करता येतो ते अर्जात दाखवण्याची मुभा अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०१३ मध्ये दिली. ती मला योग्य दिशेने टाकलेली पायरी वाटते.

आता ज्यांचा इतिहास आहे आणि चांगलाही आहे, त्यांच्याकडे येऊ. यांच्यापैकी पुष्कळांना नडते ती मर्यादेच्या वापराची टक्केवारी. समजा, एखादा ग्राहक आपल्या एकमेव कार्डाची जवळजवळ सगळी मर्यादा दर महिन्याला वापरतो आणि देय तारखेच्या आधी पूर्ण बिल भरून टाकतो. त्याने व्याजाचा एक पैसाही दिलेला नाही, शिस्त वाखाणण्याजोगी आहे. तथापि पतमाहिती कंपनीकडे जी रक्कम कळवली जाते ती एका ठराविक दिवशीची येणे रक्कम असते, आणि तो दिवस बिल निघाल्यानंतरचा पण भरणा होण्याआधीचा असला, तर अहवालात हा माणूस सदैव मर्यादेच्या काठावर उभा असलेला दिसतो. त्या आकड्यामागची शिस्त अहवाल वाचणाऱ्याला लगेच कळत नाही. उपाय अगदी साधा आहे, मोठा खर्च झाला की बिल निघण्यापूर्वीच काही रक्कम भरून टाकणे; पण हे कारण कोणी सांगितलेच नाही, तर हा उपाय सुचणार तरी कसा?

यानंतर येतात त्या विसरलेल्या गोष्टी. वापर थांबवला म्हणून बंद झाले असे गृहीत धरलेले जुने कार्ड, त्यावर लागलेले वार्षिक शुल्क आणि त्या शुल्कावर साचत गेलेली थकबाकी. नातेवाइकाच्या कर्जाला जामीन म्हणून केलेली सही, जिचे हप्ते त्याने चुकवले आणि नोंद जामीनदाराच्या अहवालातही उमटली. वादातील रक्कम तडजोडीने कमी करून मिटवली, तेव्हा मोकळे झाल्यासारखे वाटले, पण अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहिला, ज्याचा बँकेच्या लेखी अर्थ ‘पूर्ण पैसे आले नाहीत’ असाच होतो. कधीकधी तर ती नोंद अर्जदाराची नसतेच. नावात साम्य असलेल्या दुसऱ्या कोणाचे कर्ज त्याच्या अहवालात येऊन बसलेले असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ च्या अहवालात नोंदवले की, पाहणीतील दर पाचांपैकी एका ग्राहकाच्या, तेथील तीन पतमाहिती कंपन्यांकडच्या अहवालांपैकी किमान एकात अशी चूक होती की जी तक्रारीनंतर दुरुस्त करावी लागली. यातील प्रत्येक चुकीमुळे अर्ज फेटाळला जाईल असे नाही. पण चुका अपवादानेच होतात, हा समज सोडून देण्याइतके हे प्रमाण नक्कीच मोठे आहे. भारतात चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर दर दिवसामागे शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. अर्ज करण्याआधी हा अहवाल मागवणारे लोक फार थोडे भेटतात. नकारानंतर मात्र सगळेच मागवतात.

नकारानंतर केली जाणारी आणखी एक गोष्ट प्रकरण हमखास बिघडवते. एका ठिकाणी नाही म्हटले म्हणून त्याच आठवड्यात आणखी तीन-चार ठिकाणी अर्ज टाकले जातात. प्रत्येक अर्जासोबत कर्जदात्याची चौकशी अहवालात नोंदली जाते. आपला अहवाल आपण स्वतः पाहिला तर गुण कमी होत नाहीत, पण कर्जदात्याने केलेल्या चौकश्या अल्पावधीत साचल्या की पुढच्या बँकेला त्यातून घायकुतीला आलेला माणूस दिसू लागतो. अशी चौकशी अमेरिकेतील अहवालात दोन वर्षे राहते आणि फायको मोजणीत त्यांतील एक वर्ष धरते. तिचा एकेकटा परिणाम किरकोळ असतो, हेही सांगायला हवे. तिची जितकी भीती घातली जाते तितकी ती भयंकर नाही.

गुणांक उत्तम असूनही नकार मिळण्याची कारणे याहून निराळी असतात, आणि ती बहुधा रुक्ष असतात. ओळखपत्रावरील आणि अर्जावरील नावात फरक, पत्ता बदलला पण कागदपत्रे जुनीच, नोकरी नुकतीच बदललेली. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याच्या हाती पैसा भरपूर येतो, पण वजावटींनंतर विवरणपत्रात दिसणारे निव्वळ उत्पन्न लहान असते, आणि बँक विवरणपत्रावर विश्वास ठेवते. कधी त्याच बँकेचे पूर्वीचे कर्ज एवढे मोठे असते की एका ग्राहकावर आणखी जोखीम घ्यायची नाही, असे तिने ठरवलेले असते. आणि कधी अर्जदाराचा यात काडीचाही संबंध नसतो. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यावरील जोखीमभार १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केला, म्हणजे तेवढ्याच उधारीसाठी बँकेला अधिक भांडवल बाजूला ठेवणे भाग पडले. अशा वेळी निकष कडक करायचे, असे एखादी बँक ठरवू शकते. मग गेल्या वर्षी जो अर्ज मंजूर झाला असता, तोच अर्ज, तोच पगार आणि तोच गुणांक असूनही, यंदा परत येऊ शकतो.

इतकी वेगवेगळी कारणे संभवत असताना ‘आमच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही’ हे वाक्य पाठवणे म्हणजे उत्तर न देणे होय. हे केवळ माझे मत नाही. अमेरिकेत समान पतसंधी कायदा १९७४ पासून आहे आणि त्याखालील नियमांत स्वच्छ म्हटले आहे की, अंतर्गत निकष किंवा पुरेसे गुण न मिळणे एवढेच कारण सांगणे अपुरे आहे. कारण विशिष्ट असले पाहिजे. निर्णय गुंतागुंतीच्या संगणकीय प्रणालीने घेतला, ही सबबही चालणार नाही, असे तेथील ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०२२ आणि २०२३ मध्ये बजावले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ७ डिसेंबर २०२३ रोजी जर्मनीतील शूफा या पतमाहिती संस्थेच्या प्रकरणात ठरवले की, कर्जदाता ज्या गुणांकावर निर्णायकपणे विसंबतो, तो गुणांक काढणे हाच एक स्वयंचलित निर्णय ठरतो आणि त्याला डेटा संरक्षण कायद्याची बंधने लागू होतात. भारतात रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत कार्डाचा अर्ज फेटाळल्यास विशिष्ट कारण लेखी कळवणे बंधनकारक केले. नियम आहे; तो पाळून घेण्यासाठी अर्जदाराने लेखी मागणी केली पाहिजे आणि उत्तर मोघम आले तर पुन्हा केली पाहिजे.

कारणे उघड केली तर फसवणूक करणारे त्यांचा फायदा उठवतील, असे बँकांच्या बाजूने म्हटले जाते. फसवणूक ओळखण्याच्या पद्धतींपुरता हा युक्तिवाद मी मान्य करतो. परंतु मर्यादेचा वापर जास्त आहे, फाईल कोरी आहे, नावात तफावत आहे किंवा जुन्या खात्यावर थकबाकी आहे, यात लपवण्यासारखे काय आहे? नावातील तफावत कागदपत्रे दिल्यावर थोड्या दिवसांत मिटते. वापराची टक्केवारी एक-दोन बिलांत खाली आणता येते. कोऱ्या फाईलला काही महिने नियमित वापर लागतो, आणि ‘सेटल्ड’ हा शेरा वर्षानुवर्षे सोबत राहतो. बँकेचेच धोरण आकसले असेल तर अर्जदाराने करण्यासारखे काही नसते; त्याने दुसरी बँक पाहावी किंवा थांबावे. मोघम पत्र हातात घेऊन बसलेल्या माणसाला यांपैकी आपण कुठे आहोत हे कळायला कोणताच मार्ग नसतो, आणि म्हणून तो पुढचा अर्ज अंदाजाने करतो.