मॅलरीचे कपडे आणि फिंचचा कोट

वादाला तोंड फुटले ते आमच्यातल्या गिर्यारोहक मित्राच्या एका ठाम विधानाने. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन यांच्या अंगावर धड कपडेही नव्हते, आजची जाकिटे असती तर ते जिवंत परतले असते, असे त्याचे म्हणणे होते.

"अरे, त्या मोहिमेच्या फोटोत वरचा कोट दिसतो, आतले थर दिसत नाहीत," वस्त्रशास्त्र शिकलेली मैत्रीण म्हणाली. १९९९ साली मॅलरीचा मृतदेह सुमारे ८,१५५ मीटर उंचीवर सापडला, तेव्हा शोधणाऱ्यांना आधी तो अर्विनचा वाटला होता. कपड्यावर शिवलेल्या पट्टीवर 'जी. मॅलरी' हे नाव वाचल्यावर ओळख पटली. उरलेल्या तुकड्यांत रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ थर एकावर एक होते आणि वारा अडवायला वरून गॅबर्डीन होते. थॉमस बर्बेरी यांनी १८७९ मध्ये काढलेल्या या कापडाचे सूत विणण्याआधीच जलरोधक केलेले असे आणि वीणही अतिशय घट्ट असे. २००६ मध्ये गिर्यारोहक ग्रॅहॅम हॉयलंड यांनी तसेच कपडे शिवून घेऊन एव्हरेस्टवर वापरून पाहिले, तेव्हा ते उबदार आणि सुटसुटीत ठरले, कारण रेशीम लोकरीवरून सहज सरकते आणि हात उचलताना कापड ओढले जात नाही. उघड्यावर रात्र काढायला मात्र ते पुरले नसते, हे तिनेही मान्य केले.

"मग पिसांचे जाकीट तेव्हा का नव्हते?" मित्राने विचारले.

होते, आणि या वादात मला तोच मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. गिर्यारोहक जॉर्ज फिंच यांनी १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी फुग्याच्या कापडात आयडर बदकाची मऊ पिसे भरून कोट करून घेतला होता. सोबत्यांनी त्याची थट्टा केली. फिंच मात्र त्याच मोहिमेत ८,३०० मीटरच्या वर, तोवर कोणीही न गाठलेल्या उंचीवर पोहोचले. म्हणजे ज्ञान हाताशी होते, पण सभ्य माणसाने डोंगरावर कसे दिसावे याची कल्पना आड आली.

मित्राने पावसाचा मुद्दा काढला, तो आम्ही निमूट मान्य केला. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी ताणून तयार केलेल्या पातळ पटलाची, म्हणजे जाकिटांतल्या गोर-टेक्सची, छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही आणि घामाची वाफ मात्र बाहेर पडते. गॅबर्डीनला हे इतके कधीच जमले नसते.

आतापर्यंत गप्प असलेली दुसरी मैत्रीण तेव्हा बोलली. "तुम्ही मघापासून पुरुषांच्याच कपड्यांवर भांडताय." १८३८ मध्ये आल्प्समधले मों ब्लां शिखर चढलेल्या आंरिएत दांजव्हिल यांनी झग्याच्या आत अस्तर लावलेली चौकड्यांची विजार घातली होती. पुढे १९०७ मध्ये स्त्रियांच्या आल्पाइन क्लबच्या पहिल्या अध्यक्ष झालेल्या एलिझाबेथ ल ब्लाँ गावातून स्कर्टमध्येच निघत आणि वस्ती मागे पडली की तो काढून आतल्या ब्रीचेसवर, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या विजारीवर, चढाई करीत.

"आणि तो स्कर्ट?" मित्राने विचारले.

"परतताना गाव दिसायच्या आत पुन्हा घालावा लागायचा."