विरोध पंपाला नाही, जागेला आहे

शाळेच्या कुंपणाला लागून होऊ घातलेल्या पेट्रोल पंपाबद्दल आजच्या बैठकीत हरकत घेताच "तुम्हाला विकास नको आहे का?" असे मला ऐकवण्यात आले. विरोध पंपाला नसून जागेला आहे, एवढे समजून घ्यायचे नसेल तर हरकती मागवण्याचा देखावा तरी कशाला?

माझ्या मावशीच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर पंप झाला, तेव्हाही सारे सुरक्षित असल्याचेच सांगितले गेले होते. पुढे पाण्याला वास येऊ लागला आणि मावशी पोहरा वर ओढला की आधी नाकाशी धरू लागली. पंपवाल्यांचे उत्तर ठरलेले होते, साठ्यात तूट दिसत नाही. हजारो लिटरच्या भूमिगत टाकीच्या सांध्यातून थेंबाथेंबाने झिरपणारे पेट्रोल साठ्याची पातळी मोजणाऱ्या डिपच्या पट्टीवर दिसणार तरी कसे? पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते, परंतु त्यातील बेंझिन काही प्रमाणात विरघळून पाण्याबरोबर पुढे सरकते. ते माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले आहे आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली त्याची मर्यादा लिटरमागे अवघी १० मायक्रोग्रॅम आहे.

दुहेरी भिंतीच्या टाक्या आणि टँकर खाली करताना बाहेर पडणारी वाफ परत टँकरमध्ये नेणारी नळी यांमुळे धोका बराच कमी होतो, हे मान्य. मात्र आज दाखवलेल्या आराखड्यात यांपैकी काहीही नव्हते. फुलझाडे तेवढी रंगवलेली होती! पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने सखल भागात साचते आणि शाळेचे मैदान नेमके उताराच्या पायथ्याशी आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

पंप काढू पाहणाऱ्यावर माझा राग नाही. रात्री-अपरात्री रुग्णाला न्यायचे असताना गाडीची टाकी रिकामी असण्याची धास्ती मलाही ठाऊक आहे, आणि नोझलजवळची हवा सर्वांत जास्त त्याच्या कामगारांच्याच छातीत जाणार आहे. जागा बदलली, तर त्याला शुभेच्छा द्यायला मीच पहिल्यांदा जाईन.

तोवर हरकत लिहिताना एक मागणी विसरू नका. "पाणी आधीपासूनच तसे असेल," असे मावशीला शेवटी सांगण्यात आले आणि आधीच्या पाण्याची तपासणी कोणाकडेच नसल्यामुळे तिला पुढे काही बोलता आले नाही. म्हणून खोदकामाला हात लावण्यापूर्वी आसपासच्या प्रत्येक विहिरीचे पाणी पंप उभारणाऱ्याच्या खर्चाने तपासून घ्यावे आणि त्या अहवालाची प्रत विहिरीच्या मालकाच्या हाती द्यावी.