कागदी वाघाची गोष्ट

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर, पाण्याच्या टँकरची वेळ आणि हरवलेलं मांजर यांच्या मधोमध, परवा एक फॉरवर्ड आला. सकाळी तोच तळजाईच्या फिरायच्या ग्रुपवर वाचला होता. 'आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे कागदी वाघ. नरसंहार फौजच थांबवते. सत्ताधाऱ्याला शिक्षा होत नाही. भारताचा तर याच्याशी संबंधच नाही.'

फौजेचा मुद्दा आधी घेते, कारण तो पटण्यासारखा आहे. दाखला नेहमी रवांडाचा दिला जातो: १९९४, शंभरेक दिवस, सुमारे आठ लाख बळी. पण राजधानी किगालीत फौज होतीच की! संयुक्त राष्ट्रांचे अडीच हजारांच्या आसपास शांतिसैनिक तिथे होते. त्यांचे सेनापती रोमियो दालेर यांनी जानेवारीतच शस्त्रसाठ्यांची खबर कळवून छापे घालणार असल्याचं सांगितलं. न्यूयॉर्कच्या मुख्यालयातून मनाई आली. एप्रिलमध्ये कत्तल ऐन भरात असताना सुरक्षा परिषदेनं ठराव करून फौज २७० वर आणायचं ठरवलं. बंदुका होत्या, हुकूम नव्हता. उलट २००८ साली केनियात निवडणुकीनंतरचा हिंसाचार संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीनं आटोक्यात आला. तिथे बाहेरची फौज उतरली नव्हती.

शिक्षेचं म्हणाल तर रवांडाचे कत्तलीच्या वेळचे पंतप्रधान कांबांडा यांना १९९८ मध्ये जन्मठेप झाली, लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना २०१२ मध्ये ५० वर्षं. यादी छोटी आहे, पण 'कधीच नाही' हे खोटं.

आता तो वाघ. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाच्या १९९५ च्या हत्याकांडाबाबत सर्बियाला दोषी धरलं, ते नरसंहार केला म्हणून नव्हे, रोखला नाही म्हणून. गंभीर धोका कळला, किंवा कळायला हवा होता, त्या क्षणापासून रोखण्याची जबाबदारी सुरू होते, असं न्यायालय म्हणालं. निकाल बारा वर्षांनी आला, भरपाई शून्य. वाघाचे दात पडलेत म्हणा हवं तर.

आणि भारत? नरसंहारविरोधी कराराला आपण १९५९ मध्येच मान्यता दिली. मात्र देशाच्या कायद्यात नरसंहार हा स्वतंत्र गुन्हा ठरवलाच नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाच्या एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ही उणीव निकालातच नोंदवली. त्यानंतर अख्खी दंडसंहिता नव्यानं लिहून झाली. त्यातही हे कलम नाही.