‘वॉटरप्रूफ’ दिव्यात पाणी : आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. बोटीच्या बाजूच्या लाल-हिरव्या दोन्ही दिव्यांत महिनाभरात पाणी साचलं, कडेने सगळीकडे सिलिकॉन भरूनही थांबलं नाही, तेव्हा ‘वॉटरप्रूफ’ हे खोटं आहे, असं आपण लिहिलंत. तो शब्द चुकीचाच होता, आज काढला. हा बल्बचा दिवा शिंतोडे सोसतो, बुडवायचा नाही. १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकणारे आयपी ६७ चे दिवे वेगळे.

पण पाणी का साचलं, ते आपल्याच फोटोत दिसतं. तळाचं निचऱ्याचं भोक सिलिकॉनने बुजलंय. बल्ब पेटला की आतली हवा फुगून बाहेर जाते. वरून थंड पाणी पडलं की उरलेली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढून घेते. भोक मोकळं असेल तर हवा तिथूनच आत येते, चुकून शिरलेलं पाणीही निथळतं.

दुसरी वाट वायरची. फोटोतला जोड नुसत्या टेपचा आहे आणि तांबं हिरवं पडलंय. तारांच्या मधून पाणी चढत दिव्यात जातं. कलई केलेली वायर घ्या, जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी) नळी चढवा आणि दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्या. ग्लँडमध्ये, म्हणजे वायर दिव्यात शिरते तिथल्या घट्ट बुचात, गोल केबलच हवी. चपटीच्या दोन्ही कडांना फट राहते.

जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. थिनर, पेट्रोल नको, पॉलिकार्बोनेटच्या लेन्सला तडे जातात. आतलं मीठ गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर ते दमट हवेतला ओलावा धरून ठेवतं. गॅस्केटला (लेन्सखालच्या रबरी पट्टीला) सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, गॅस्केट जरा दबलं की थांबा. जास्त पिळलं तर दोन स्क्रूंच्या मध्ये लेन्स उचलली जाते. सीलंट फक्त दिव्याचं बूड बोटीला टेकतं तिथे, वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना. खालची कड मोकळी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, न्यूट्रल क्युअर (तसं आम्ल न सोडणारं) घ्या.

शेवटी दिवा १० मिनिटं पेटता ठेवून वरून मगभर थंड पाणी ओता. नंतर आत नवे थेंब दिसले तर दिवा परत पाठवा. धुकटलेली लेन्स चालवून घेऊ नका. १२ मीटरपेक्षा लहान बोटीचे बाजूचे दिवेसुद्धा १ सागरी मैलावरून दिसावे लागतात.

दोन नवी गॅस्केट आमच्याकडून विनामूल्य पाठवतो. हा खटाटोप नकोच असेल तर दिवे परत करा, पूर्ण पैसे मिळतील.