सगळ्या फाइल्सवर तिचं नाव

आज सकाळी स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, एका मुलीला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. तेव्हापासून डोकं तापलंय.

रुजू होऊन तीन आठवडे झालेत तिला. काल एका फाइलमध्ये दोन ओळी बदलून तिने कमिट केलं, म्हणजे कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटमध्ये तो बदल नोंदवला, तर कमिटमध्ये बाराशे फाइल्स! अक्षराचाही फरक नाही, नुसतं 'ओल्ड मोड १००६४४, न्यू मोड १००७५५', म्हणजे साधी फाइल आता एक्झिक्युटेबल, प्रोग्रॅमसारखी चालवता येणारी, झाली. लीड म्हणाला, "काय गोंधळ घातलायस? सगळ्या फाइल्सवर तुझं नाव आहे."

हेच वाक्य मी २०१३ साली हिंजवडीत, पहिल्या नोकरीत ऐकलंय.

अरे, तिने काय केलं? काम ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवरच करायचं, हा नियम तुमचा. लिनक्सच्या डिस्कवर क्लोन केलेली, म्हणजे प्रत उतरवून घेतलेली, रेपो (कोड आणि त्याच्या इतिहासाचं फोल्डर) उचलून तिथे टाकलीत तुम्ही. विंडोजचं शेअर लिनक्सवर माउंट केलं, म्हणजे जोडलं, की साधारणपणे माउंट करताना ठरवलेली परवानगीच सरसकट प्रत्येक फाइलला चिकटते. गिट साध्या फाइलच्या परवानगीतलं एवढंच लक्षात ठेवतं, की ती एक्झिक्युटेबल आहे की नाही. इथे त्याला सगळ्याच तशा दिसल्या. गिटच्या सेटिंगमध्ये 'कोअर फाइलमोड फॉल्स', म्हणजे हा परवानगीतला फरक धरू नकोस, एवढी एक ओळ हवी होती, आणि ती सेटअप करणाऱ्याने टाकायची असते.

कमिटआधी तिने डिफ, म्हणजे काय काय बदललंय ते, बघायला हवा होता, मान्य. पुढे?

२०१३ साली आमची रेपो अशीच शेअर्ड डिस्कवर होती, पण बनवताना 'शेअर्ड', म्हणजे टीममधल्या सगळ्यांना लिहिता येईल, हा पर्याय कुणी दिलाच नव्हता. गिट सुटे ऑब्जेक्ट, म्हणजे साठवलेले तुकडे, त्यांच्या हॅशच्या (मजकुरावरून काढलेल्या ओळखीच्या) पहिल्या दोन अक्षरांच्या फोल्डरमध्ये ठेवतं. ज्याच्या पुशमुळे, म्हणजे तिथे कमिट पाठवल्यामुळे, ते फोल्डर पहिल्यांदा तयार होतं, त्याच्या मालकीचं. नवीन फाइल-फोल्डरची परवानगी ठरवणारा उमास्क सगळ्यांचा ०२२, म्हणजे मी तयार केलेल्या फोल्डरमध्ये फक्त मीच लिहू शकायचे. त्यामुळे एकाचा पुश जायचा, दुसऱ्याचा 'इनसफिशियंट परमिशन' म्हणून अडायचा. सरांनी यादी काढली, अडलेल्या फोल्डरवर माझं नाव दिसलं आणि शुक्रवारी संध्याकाळी अख्ख्या टीमसमोर माझी काढली. बसमध्ये निगडीपर्यंत रडत गेले मी.

मग सरांनी काय केलं? चमोड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, सगळ्या फोल्डरवर! सगळे खूश. सोमवारी पुन्हा तेच, कारण ७७७ आहे त्या फोल्डरला लागतं, नवीन फोल्डर पुन्हा उमास्कप्रमाणेच जन्मतं. टीमचा एक ग्रुप करायचा, फोल्डरला सेटजीआयडी बिट लावायचा, म्हणजे आतलं नवीन सगळं त्याच ग्रुपचं होतं, आणि गिटच्या सेटिंगमध्ये 'कोअर शेअर्डरिपॉझिटरी' ग्रुप करायचं, म्हणजे ग्रुपमधल्या सगळ्यांना लिहिता येतं. दहा मिनिटांचं काम आहे हो! त्याऐवजी कुणालाही काहीही पुसता येईल असं दार सताड उघडं टाकायचं?

२०२२च्या एप्रिलमध्ये गिटने दुसऱ्याच्या मालकीच्या रेपोत काम करायला नकार द्यायला सुरुवात केली. कारण साधं: तिथल्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, कुणी काही पेरून ठेवलं, तर ते तुमच्या नावाने चालतं. शेअरवाल्यांनी यावर काय केलं? 'सेफ डायरेक्टरी'त, म्हणजे भरवशाच्या फोल्डरांच्या यादीत, चांदणी (*) टाकून सगळीच भरवशाची ठरवून मोकळे. ७७७चीच धाकटी बहीण ही.

शेअरवर ठेवलं की बॅकअप आपोआप होतो, म्हणतात. होतो, ठीक आहे. मग पुश करायची रेपो ठेवा सर्व्हरवर आणि तिचा घ्या बॅकअप. प्रत्येकाची कामाची प्रत त्याच्या स्वतःच्या डिस्कवर असू द्या. गिट त्यासाठीच तर आहे.

दुपारी ती जेवायला आली नाही. मी डबा घेऊन तिच्या डेस्कवर गेले. कमिट मागे घेतलं, ती एक ओळ टाकली, डिफ पाहिला. एक फाइल, दोन ओळी.

बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "मॅम, म्हणजे मी काही बिघडवलं नव्हतं?"

नाही गं बाळा. उद्या दहाच्या स्टँडअपला हे मी बोलणार आहे, त्याच सगळ्यांसमोर. त्या शुक्रवारी माझ्यासाठी कुणी बोललं नव्हतं.