एक लेडीज, वय महिने अकरा

माझ्या मुलीचं वय अकरा महिने, वजन साडेआठ किलो आणि लिंग स्त्री. यातली तिसरी बाब पोहण्याच्या आड येईल, असं कुणाच्या डोक्यात तरी आलं असतं का?

खूळ बायकोच्या मोबाइलमधून आलं. कुठलंसं गुटगुटीत बाळ पाण्याखाली डोळे टक्क उघडे ठेवून फिरतंय, असा तो व्हिडिओ. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यातली हवा तिथल्या तिथे काढली. तोंडावर पाणी आलं की श्वास रोखला जातो ही जन्मजात प्रतिक्रिया, सहा महिन्यांनंतर ती ओसरत जाते, तिला पोहणं म्हणत नाहीत. वर्षाच्या आत क्लास लावल्यानं बुडण्याचा धोका कमी होतो, याला काही पुरावा नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही शिकवायचं ते वर्षानंतरच म्हणते. "मजा म्हणून न्या," डॉक्टर म्हणाले, "पण पाणी ३२ अंशांच्या आसपास हवं. पहिल्यांदा दहा मिनिटं पुरे. ओठ निळे दिसले, अंग थरथरलं, की ताबडतोब बाहेर. आणि हात तिच्या अंगावरून काढायचा नाही."

बायकोचं ऑफिस हिंजवडीला, माझं घरातूनच. त्यामुळे मोहिमेवर मी. घराजवळच्या तलावाच्या फाटकावर फलक होता, 'बेबी बॅच सुरू'. खिडकीत एक गृहस्थ पावतीपुस्तकावर कोपर टेकून चहा पीत होते.

"बेबी बॅचसाठी आलोय."

"आई कुठंय?"

"ऑफिसला. मी वडील आहे."

"बेबी बॅच लेडीज बॅचमध्ये असते. अकरा ते बारा. जेंट्सना एंट्री नाही."

"मग हिला?"

त्यांनी खिडकीतून वाकून पाहिलं. मुलीनं त्यांना बघून लाळेचा फुगा काढला. "मुलगी आहे ना? तिला आहे एंट्री."

"एकटीला?"

"नियमानं काही अडचण नाही. पण पोहता यायला पाहिजे. नवशिक्यांसोबत पालक लागतात."

"पालक इथेच उभा आहे."

"लेडीज बॅचला नाही चालणार."

"बरं, जेंट्स बॅचला आम्ही दोघं आलो तर?"

"तुम्ही या की. तिला नाही घेता येणार. लेडीज आहे ती."

इथे मला थोडा घाम आला. "फॅमिली बॅच?"

"रविवारी. मिस्टर-मिसेस दोघं पाहिजेत. शिवाय उंचीची अट आहे, चार फूट."

"अहो, चार फूट उंचीचं बाळ कुठून आणू?"

"ते वरती विचारा," म्हणून त्यांनी छताकडे बोट केलं. वरती गच्ची होती. "आणि कॅप कंपल्सरी आहे. केस गळून फिल्टर चोक होतो."

आमच्या कन्येचं जावळ नुकतंच झालेलं. डोकं असं गुळगुळीत की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसावं. मी काही न बोलता टोपडं काढून ते डोकं खिडकीत धरलं. गृहस्थांनी ते नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "येतील की नंतर."

पाण्याचं तापमान विचारलं, तर उत्तर मिळालं, "नॉर्मल. थंडीत थंड असतं, उन्हाळ्यात बरं असतं."

शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत ज्येष्ठ नागरिक बॅचची वाट बघणारे एक काका बसले होते. खांद्यावर पंचा, डोक्यावर आधीच चढवलेली निळी कॅप. इतका वेळ कसा कोण जाणे, पण त्यांनी संयम ठेवला होता.

"अहो, क्लास कसले लावताय? आम्हाला वडिलांनी कालव्यात ढकललं. कंबरेला दोन सुके भोपळे बांधले आणि दिलं ढकलून."

"आणि भोपळा सुटला तर, काका?"

"धाकट्याचा सुटला होता एकदा."

"मग?"

"मग काय, बँकेतून रिटायर झालाय आता." एवढं बोलून त्यांनी मुलीच्या पायाला चिमटा काढला. "हिची आई नाही आली?"

काकांचं एक बरोबर आहे. पुण्यात पोहणं म्हणजे विहीर, कालवा, फार तर टिळक टँक. बाळाला कोमट पाण्यात बसवण्याचे पैसे मोजणारी आमची पहिलीच पिढी. आणि मोजावे तरी किती! स्विमिंग डायपर म्हणून वेगळा प्रकार असतो, नेहमीच्याहून महाग. तो फक्त शी अडवतो, शू सरळ पाण्यात. अडवत बसला असता तर अख्खा तलाव शोषून बाळ तळाशी गेलं असतं, हे मान्य. पण तलावाचा तो उग्र वास मी जन्मभर स्वच्छतेचा समजत आलो. प्रत्यक्षात क्लोरिनची घामाशी नि लघवीशी गाठ पडली की तो वास येतो. म्हणजे वास जितका जास्त, तितकी काकांची बॅच जुनी.

शेवटी बाणेरकडे गरम पाण्याचा एक खाजगी तलाव सापडला. पालक म्हणून बाप चालतो, फी परत मिळत नाही. क्लास म्हणजे सगळ्या आयांनी आणि मी गोल करून बडबडगीतं म्हणायची, बाळांनी पाण्यावर चापट्या मारायच्या. आमचं रत्न खूश. शेजारच्या बाळाच्या नाकात पाणी गेलं, तर ही खदाखदा हसली.

खरी गंमत बाहेर आल्यावर. बाळाचे कपडे बदलायला मऊ गादीचं टेबल आहे, लेडीजमध्ये. जेंट्समध्ये ओली फरशी, भिंतीला खुंट्या आणि एक बेसिनचा कट्टा. फी सगळ्यांना सारखीच, बरं का. खुंटीवर बाळ टांगायचं की काय, ते पावतीवर लिहिलेलं नाही. थरथरणारी मुलगी टॉवेलात गुंडाळून मी कट्ट्यापाशी गेलो, तर तिथे एकानं दाढीचं सामान मांडलेलं. अर्ध्या गालाला फेस. माणूस सज्जन. त्यानं ब्रश, मग, रेझर एकेक करून बाजूला सरकवलं, पोरीसाठी वीतभर जागा केली, आरशातूनच माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम नाही आल्या?"